चाचणीची लाईन

परीक्षेच्या दिवशी शहराचं इंटरनेट बंद करायचं काम माझ्याकडे असतं. मुलांनी मोबाईलवर उत्तरं मागवू नयेत म्हणून वरून हुकूम येतो आणि पेपर संपेपर्यंत सगळं ठप्प. हॉस्पिटल, पोलीस, अग्निशमन यांच्या केबलला लाल पट्टी असते, त्या तेवढ्या चालू. शिवाय एक चाचणीची लाईन चालू असते, यंत्रं नंतर नीट सुरू होतील ना हे बघायला. ती माणसांसाठी नाही.

त्या सकाळी मी बटण दाबलं आणि आमचे साहेब खुशीत म्हणाले, "अत्यावश्यक तेवढंच चालू. पाणी, वीज ही गरज झाली. इंटरनेट म्हणजे चैन गं. थोडा वेळ नसलं म्हणून कुणाचा जीव जात नाही. आणि फोन तर चालू आहेत!"

साहेब मनाने वाईट नाहीत, त्यांना फक्त स्वतःचं बोलणं फार आवडतं. मी मान डोलावली. ते चहाला गेले.

तेवढ्यात दारात आई उभी. आमचं घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. आईला जन्मापासून ऐकू येत नाही, माझ्या धाकट्या बहिणीलाही नाही. घरात आम्ही हातांनीच बोलतो. आईने हातांनी सांगितलं, "धाकटीशी बोलत होते. तिचा चेहरा मध्येच थांबला. चालू कर."

धाकटी दुसऱ्या शहरात, दिवस भरायच्या आतच कळा सुरू झालेल्या, नवरा अजून वाटेत. आणि तो चेहरा थांबवला होता मीच.

माझा फोन वाजला. हॉस्पिटलची नर्स होती. "तुम्ही बहीण ना? बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करावं लागेल. पाठीत इंजेक्शन द्यायचंय, तर या हातच लावू देत नाहीत. लिहून दाखवलं, वाचतात आणि नको म्हणतात. हलल्या तर सुई द्यायची कशी? समजवा हो त्यांना!"

का नको म्हणते ते मला पक्कं माहीत होतं. लहानपणी तिच्या कानाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मोठ्या माणसांनी तिला दाबून धरलं आणि काय करणार ते कुणीच सांगितलं नाही. तेव्हापासून समोर आई असल्याशिवाय ती सुई टोचून घेत नाही.

मी चाचणीच्या लाईनला वायफायचा डबा जोडला. नोकरी गेली तर गेली. नर्सला म्हटलं, "तिच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल येतोय. तिच्या समोर धरा."

हातांनी बोलणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून आमच्याकडे मोबाईल दुसऱ्याने धरायचा असतो. लहानपणापासून धरणारी मी. आताही आईचा मोबाईल मीच धरला. पडद्यावर धाकटीचा रडून सुजलेला चेहरा आला आणि आईचे हात सुरू झाले. "मी इथेच आहे. मांजरीसारखी पाठ वाकव. मुंगी चावल्यासारखं होईल. हलू नकोस."

दार धाडकन उघडलं. "काय चाललंय हे?" साहेब ओरडले. आईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "चाचणीची लाईन आहे ती! बंद कर! तुझ्याबरोबर मलाही घरी बसवशील! बोलायचंच तर फोनवर बोला ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण बोलणार साहेब? दोघींनाही ऐकू येत नाही. तिकडे बहीण ऑपरेशनच्या टेबलावर आहे. तिकडे हॉस्पिटल चालू, डॉक्टर चालू. आपण बंद केलीय ती फक्त तिची आई."

तेवढ्यात मागच्या कपाटावर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. चाचणीची लाईन सतत वापरात राहिली की यंत्र ती आपोआप तोडतं. मागे जाऊन बटण दाबलं, तरच थोडी मुदत मिळते. माझे हात अडकलेले.

"धरा," म्हणत मी मोबाईल साहेबांच्या हातात कोंबला. "वर धरा. तिचे हात दिसले पाहिजेत."

मी धावले. बटण दाबून कपाटाच्या फटीतून पाहिलं तर साहेब अवघडून उभे, आणि आई त्यांच्या कोपराला खालून टपली मारून मोबाईल वर करायला लावत होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला. मुख्यालय. साहेबांनी मोकळ्या हाताने उचलला.

"हो सर, सगळं शहर बंद आहे." मग ते ऐकत राहिले. पलीकडून काय विचारलं असेल ते मला कळलं. चाचणीची लाईन कोण वापरतंय, हेच. साहेबांच्या तोंडून एक शब्द निघाला असता, तर धाकटी पुन्हा एकटी पडली असती.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. धाकटीने पाठ वाकवली होती, नजर आईच्या हातांवर. नर्सचा आवाज आला, "शाब्बास, अश्शाच बसा."

"ती ना सर?" साहेब खाकरले. "अत्यावश्यक तेवढंच चालू आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर दिवा लुकलुकला की मी बटण दाबत राहिले. साहेबांचा हात भरून आला की ते हात बदलत. आई बोलतच होती. "डोळे उघडे ठेव. माझ्याकडे बघ." धाकटीच्या छातीपुढे हिरवा पडदा लावलेला, त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

मग मोबाईलमधून एक बारीक, चिडका टाहो आला. खोलीत तो ऐकू येणारे आम्ही दोघंच. आई अजून सांगतच होती, घाबरू नकोस.

साहेब माझ्याकडे वळले. "अगं, रडलं! हिला... हिला कसं सांगू?"

मी कपाटापाशी होते, बटणावर बोट. "हातांनी सांगा, साहेब."

त्यांनी मोकळा हात छातीशी घेतला आणि जोजवल्यासारखा हलवला. एकाच हाताने, अगदी वेडावाकडा. आईचे हात सकाळपासून पहिल्यांदा थांबले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, तेव्हा साहेबांनी पुन्हा एकदा तसंच जोजवून दाखवलं. दुसऱ्या हातातला मोबाईल मात्र त्यांनी खाली येऊ दिला नाही.