मच्छरदाण्यांचं दालन

माझ्या गुरू, हिबिनो सेन्सेई, मच्छरदाणीत उभ्यानेच शिरल्या.

आमच्या ओमी प्रांतात शेंबडं पोरही असं करत नाही. खाली बसायचं, जाळीचा काठ झटकून डास उडवायचे आणि पटकन आत सरकायचं. ऐंशी उलटली, गुडघे गेले, तरी सेन्सेई तशाच जात. आज त्यांनी जाळी पडद्यासारखी बाजूला सारली.

सारा जन्म त्यांनी याच कामात घातला. हिरव्या तागाच्या मच्छरदाण्या, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, अख्खं दालन भरून टाकणारा चक्रव्यूह. लोक आत हरवतात, घाबरतात, कुणी रडतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. आतल्या जाळ्या सेन्सेई एकट्या बांधतात, वाट दर वेळी बदलतात. त्या बाहेर येईपर्यंत कुणी आत जायचं नाही, हाक मारायची नाही. नकाशा मागितला तर म्हणायच्या, "नकाशा काढला की भीती मरते." मी त्यांची शिष्या इकुए. जाळ्या शिवता शिवता केस पिकले, पण आतली वाट मलाही ठाऊक नसते.

अलीकडे मी त्यांचं विसरणं झाकत होते. चहात मीठ पडलं की हसण्यावारी न्यायचे. संग्रहालयाला कळलं असतं तर प्रदर्शन रद्द झालं असतं, आणि कामाशिवाय ही बाई जगणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

"अजून किती वेळ, इकुए-सान?" संग्रहालयाचे संचालक कुसुनोकींनी विचारलं. "पाहुणे दारात आलेत."

"घाई असेल तर तुम्हीच बांधा की जाळ्या," मी म्हटलं. ते हसले.

"एक गाठ सैल दिसतेय," अशी थाप मारून मी खाली बसले, काठ झटकला आणि आत गेले.

चारपाच जाळ्या ओलांडून मागे पाहिलं तर दार दिसेना. चहूकडे तेच हिरवं. या जाळ्या मीच शिवलेल्या, तरी मला त्यांची भीती वाटली. मग कुठूनसा बारीक हुंदका आला.

सगळ्यात आतल्या जाळीत सेन्सेई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

"हळू बोल. विजा थांबेपर्यंत मच्छरदाणीतून बाहेर यायचं नाही, आईने सांगितलंय."

बाहेर लख्ख ऊन होतं.

"सेन्सेई, मी इकुए. चला बघू."

"हे कुणी केलंय गं? जावं तिकडे जाळी. किती दुष्ट असेल मेलं!"

मी त्यांच्या शेजारी बसले.

"मी केलंय," मी म्हटलं.

"लाज नाही वाटत?" त्या चिडल्या. मग माझं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे वाट तुला माहीत आहे. मला घरी ने."

मी एक जाळी उचलली. दुसरी. आणखी एक. फिरून आम्ही जिथून निघालो तिथेच आलो. त्यांना धाप लागली होती, ओठ काळेनिळे पडत होते, आणि माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

"कुसुनोकी-सान!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "कात्र्या घेऊन या! सगळं कापा!"