इंजिन आणि पंपाच्या मधला मी

मी बोलतोय तो इंजिन आणि पंप यांच्या मधल्या अंधारातून. म्हणजे आता तिथून बाहेर पडलोय, पण सवय जात नाही. मी एक कपलिंग. मुठीत मावेल एवढी लोखंडी नळी, आतून दाते पाडलेली. एका टोकाला इंजिनाचा दांडा, दुसऱ्या टोकाला हायड्रॉलिक पंपाचा. इंजिनाने मला फिरवायचं, मी पंपाला फिरवायचं, पंपाने तेल ढकललं की ट्रॅक्टरमागचा, माती घुसळणारा रोटाव्हेटर वर उचलला जातो.

एवढं करून मला कुणी ओळखत नाही. दसऱ्याला बॉनेटवर हार चढतो, चाकांना हळदकुंकू लागतं. पंचवीस वर्षांत माझ्यापर्यंत कुंकवाचं बोट आलं नाही. ज्या दोघांना मी धरून होतो, त्यांनीही कधी चौकशी केली नाही.

कणकवलीच्या आतल्या अंगाला एका गावात सत्यवानने हा ट्रॅक्टर आणला. त्याचे कान तिखट. जरा कुठे खरखर झाली की उतरून बघायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याची बायको मथुरा साडी खोचून स्टिअरिंगवर बसली. गाव आधी हसलं, मग हसून कंटाळलं. चालवायला तिला छान जमलं, आवाज मात्र ओळखता येईना. माझे दाते झिजत होते, मी खरखरत होतो, आणि ती इंजिनाला सांगायची, "जरा दमान घे रे." घरी तरी बोलायला दुसरं कोण होतं?

या पौषात वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भाताच्या लावणीची वेळ आली. रोपं, म्हणजे तरवा, तयार होता. शेतात पाणी घेतलं, आणि चिखलणीच्या पहिल्याच फेरीत रोटाव्हेटर चिखलात बसला तो बसलाच.

तिचा मुलगा ओमकार अंबरनाथला असतो. तो फोनवर म्हणाला, "आये, पुरे झाला आता. ट्रॅक्टर इकूया. तू हय ये."

"तरवो आठ दिस थांबात. तवसर लावणी नाय झाली तर येतंय," मथुरा म्हणाली. फोन ठेवून तिने मेकॅनिकला बोलावणं धाडलं.

बाबली मेकॅनिक आला. "काकी, पंप गेलो वाटता." त्याने पंप काढला, त्याच्याबरोबर मीही निघालो. मला ग्रीससकट नारळाच्या करटीत टाकून तो पंप तपासायला घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आला. "पंप बरो आसा काकी. मगे बिघाड खंय?" सगळं पुन्हा बसवलं, मलाही बसवलं. रोटाव्हेटर हलला नाही. पुन्हा खोललं. पाच दिवस असेच गेले.

खरं सांगू? मी सापडू नये असं मला वाटत होतं. सापडलो तर माझं संपलं. नाही सापडलो तर तिचं शेत संपलं, घरही संपलं. हे कळत होतं, तरी भीती माझ्या जिवाचीच जास्त होती. आज त्याची लाज वाटते.

सहाव्या दिवशी बाबली चहा पीत असताना मथुरेने करटी उचलली. मळकं काही दिसलं की घासायचं, हा तिचा स्वभाव. नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, आणि राख घेऊन तिने मला टोपासारखं घासलं. बोट आत घालून फिरवलं आणि थांबली.

"बाबली, ह्येचे दात बघ रे. माझो आडाळो बोथट झालो, तेव्हा हाताक असोच लागलो होतो."

आडाळो म्हणजे तिची खोबरं खवायची विळी. दाते गेले की नारळ तिच्यावर नुसता घसरतो. पंपाचा दांडा माझ्यात तसाच घसरत होता. बाबलीने मला उजेडात धरलं.

"अगो काकी, ह्या दोनदा माझ्या हातात इला. नजरच गेली नाय."

इतक्या जुन्या ट्रॅक्टरचं कपलिंग दुकानात मिळेना. मला रुमालात बांधून लेथवाल्याकडे नेलं आणि माझ्या मापावर दुसरा घडवला. मी शेजारीच पडलो होतो. त्याला सांगायचं होतं, बाबा, तिथे आत फार एकटं वाटतं. सांगायचं राहून गेलं.

आठव्या दिवशी सकाळी रोटाव्हेटर उचलला गेला. मथुरेने चिखलणी केली, वाडीतल्या चार बायकांनी लावणी उरकली आणि त्या आपापल्या घरी गेल्या. तिने ओमकारला फोन लावला. "लावणी झाली रे. मी हयच आसंय."

मी आता मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, पडवीत, गंजक्या नटांच्या डब्यात आहे. इथून राखणदाराचा, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाचा, दगड दिसतो. ऊन उतरताना तिने त्याच्यापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला भोवतालच्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं.

"बा राखणदारा, घरधनी नाय म्हणान काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा."

ती थांबली. कुणीच नव्हतं.

"पोर लांब आसा, तेका सुखी ठेव रे म्हाराजा."

पुन्हा थांबली. मी डब्यातून दोन्ही वेळा म्हटलं. लोखंडाचं कुणाला ऐकू जातं?

म्हणून तुम्हाला सांगतो. या वाटेने जाताना शेताच्या कडेला एखादी बाई एकटीच गाऱ्हाणं घालताना दिसली, तर घटकाभर थांबा. 'व्हय म्हाराजा' म्हणायला ओळख लागत नाही.