भरतीची गाडी

देवाने माणसाला हात दिले, पोट दिलं, आणि जाता जाता काय मनात आलं कोण जाणे, गळ्यात आवाज ठेवून गेला. कुणाचा आवाज भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात जातो, कुणाचा पोरांवर ओरडण्यात. माइकवाल्या काकांचा आवाज गेला बसगाड्या सोडण्यात.

बस स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी अख्खी नोकरी काढली. खोली एवढी लहान की आत खुर्ची, टेबल, पंखा आणि काका, एवढंच मावायचं. माइकला काकूंनी शिवलेलं मऊ कापडाचं टोपडं. बोलण्याआधी काका त्यावर बोटाने दोनदा वाजवत, टक टक, आणि मग तो भरदार आवाज फलाटाफलाटांवर पसरे. त्यांचा नियम एकच. आधी फलाट, मग गाव, मग वेळ. माइकवर नवीन माणसाने गाव आधी सांगितलं की काका त्याचा कान धरत. "अरे, माणसाला आधी पाय कुठे वळवायचे ते सांग! गाव त्याला ठाऊक असतं, म्हणून तर आलाय."

घरीही तेच. सकाळी शिलाई मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणत, "फलाट क्रमांक ओटा, चहा सुटण्याच्या तयारीत आहे काय?" काकू सुई तोंडात धरूनच उत्तर देत, "गाडी रद्द. साखर संपली."

आणि अशा गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टरांनी गोड बोलून सांगितलं तरी अर्थ कडूच होता. स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर माणूस वाचण्याची आशा आहे. नाही काढलं तर नाही. सोमवारी सकाळी भरती व्हा.

काका घरी येऊन पलंगावर बसले आणि म्हणाले, "आवाज काढल्यावर उरतं ते कोण गं? रिकामी खोली आणि चालू पंखा. मी नाही भरती होणार."

त्या दिवसापासून घरात 'भरती' हा शब्द बंद झाला. काकू रडल्या, रुसल्या, देवापुढे डोकं टेकून बसल्या. देव बोलेना आणि नवरा ऐकेना. मग काकूंना आपला वाढदिवस आठवला. या घरातला एकच कायदा असा होता की वाढदिवसाला काकूंनी मागावं आणि काकांनी नाही म्हणू नये. काकूंनी कधी मशीनसाठी दिवा मागितला, कधी छत्री. मोठं मागणं त्यांनी जणू याच वर्षासाठी राखून ठेवलं होतं. वाढदिवस शनिवारी आला. काका आपणहून म्हणाले, "चल, समुद्र दाखवतो. लग्नापासून म्हणतोय." काकू निघाल्या, पण समुद्र बघायला नव्हे. मागायला.

समुद्राकाठी जुन्या बंदराचे अवशेष होते. उभे-आडवे खांब, छप्पर नसलेल्या दालनांच्या रांगा, पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या. भिंतींच्या भेगांत पिवळी फुलं उगवली होती. पूर्वी इथे बाजार भरायचा, असं दारावरचा रखवालदार सांगत होता.

काका एका चौथऱ्यावर चढले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. फलाट क्रमांक एकवरून हजार वर्षांपूर्वी सुटलेली गाडी अद्याप आलेली नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

दोन-चार लोक हसले. काकूही हसल्या आणि लगेच थांबल्या. शेवटचे शब्द फाटले होते.

"बसा जरा," त्या म्हणाल्या. "आज मी साठीची झाले."

"बुद्धी शाबूत आहे ना?"

"आहे. म्हणूनच मागतेय. सोमवारी चला."

काकांनी समुद्राकडे पाहिलं. दूरवर लाटा खडकांवर आपटत होत्या.

"त्याला बघ," ते म्हणाले. "माइक लागत नाही की डॉक्टर लागत नाही. दुसरं काहीतरी माग."

"दुसरं नकोय मला!"

"मग या वर्षी राहू दे." हे शब्द त्यांनी या घरसंसारात प्रथमच उच्चारले. उठले, धोतरावरची धूळ झटकावी तशी पँट झटकली. "पाण्याची बाटली घेऊन येतो," म्हणाले आणि पायऱ्यांच्या बाजूला गेले.

काकू बसून राहिल्या. पाणी विकणारा माणूस मात्र दाराशी होता, उलट्या दिशेला. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा रखवालदाराची शिट्टी वाजत होती.

"भरती लागली! खालच्या दालनांत कुणी थांबू नका! पाणी आत शिरतं!"

काकू ताडकन उठल्या. त्या पळत कठड्याशी आल्या. "अहो!" त्या ओरडल्या. चार-पाच नवऱ्यांनी माना वळवल्या, त्यांतला एकही त्यांचा नव्हता. "अहो, कुठे आहात?" नाव घेऊनही पाहिलं. वाऱ्याने ते तोंडातच परत कोंबलं.

"काय झालं, बाई?" रखवालदार धावत आला.

"आमचे हे... खाली गेलेत. येत नाहीत."

"खाली दालनं काय थोडी आहेत? कुठल्यात?"

कुठल्यात? सगळी सारखीच. दारांतून पाणी आत जात होतं आणि फेस घेऊन बाहेर येत होतं. रखवालदार एका बाजूने उतरला. काकू वर उभ्या राहून देवाला बोलू लागल्या. "घ्यायचा तर आवाज घे म्हटलं होतं ना रे? अख्खा माणूस कुणी दिला होता तुला?" काकूंना कळत होतं, काका ऐकत असतील. कुठल्यातरी भिंतीआड बसून सगळं ऐकत असतील, आणि ओ देणार नाहीत. हाकेला नाही, तर हा माणूस ओ देईल तरी कशाला?

काकू त्या चौथऱ्यावर चढल्या. हातातल्या छत्रीने दगडावर वाजवलं, टक टक. आयुष्यात ज्या बाईने गल्लीच्या टोकापर्यंत आवाज चढवला नव्हता, ती ऊर फुटेस्तोवर ओरडली.

"लक्ष द्या हो! घरी जाणारी गाडी... आत्ताच्या आत्ता सुटतेय! घरी जाणारी... आणि फलाट... फलाट..."

खालून, डाव्या अंगाने, घोगरा संताप वर आला. "आधी फलाट!"

काकू पायऱ्या उतरल्या की घसरल्या, त्यांनाच कळलं नाही. कोपऱ्यातल्या दालनात काका दगडी ओट्यावर बसले होते. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"गाव आधी सांगतात का कधी?" ते म्हणाले. डोळे लाल होते.

"उठा."

"उठवत नाही गं. ठरवून नव्हतो आलो. पाणी आलं, बघत बसलो. तू जा वर."

काकू त्यांच्या शेजारी पाण्यात बसल्या. नव्या साडीसकट. "त्या भरतीला भिता आणि ही भरती चालते होय?"

काका हसायला गेले आणि खोकत राहिले. लाट आली, दोघांच्या कमरेला लागून गेली. काकूंनी त्यांचा हात असा धरला होता की बांगडी मनगटात रुतली.

"माझा आवाज ऐकलात ना? फुटकं भांडं," त्या म्हणाल्या. "बोलणारे गल्लीत पुष्कळ आहेत. माझ्या चुका काढणारा एकच आहे. मला तुमचा गळा नको. कान हवेत."

"आणि चूक सांगणार कशी मी?"

"टक टक. जन्मभर दुसरं केलंत काय?"

पुढची लाट छातीशी आली तेव्हा रखवालदार दारात पोचला, "म्हातारपणी जलक्रीडा सुचतेय!" म्हणून करवादला, आणि दोघांना दंड धरून ओढत वर घेऊन आला. ओढताना काकांनी आपणहून पाय टाकला की नाही, हे काकूंना त्या क्षणी कळलं नाही.

वर ऊन होतं. दोघं ओलेचिंब भिंतीला टेकून बसले. खालची दालनं आता दिसत नव्हती. काकूंचे दात वाजत होते, थंडीने की भीतीने. मागणं अजून हवेत लोंबकळतच होतं. पुन्हा मागायचं त्राण नव्हतं आणि न मागून चालणार नव्हतं. त्यांनी छत्रीची मूठ तोंडासमोर धरली.

"लक्ष द्या," त्या थरथरत म्हणाल्या. "भरतीला जाणारी गाडी सोमवारी सकाळी..."

टक टक. काकांचं बोट दगडावर वाजलं.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माहीत आहे, आधी फलाट. पण मला फलाट माहीत नाही हो. कुठला सांगू?"

काका उरलेला सगळा आवाज गोळा करून म्हणाले, "देव देईल तो. म्हण पुन्हा, पहिल्यापासून."

काकूंनी पुन्हा म्हटलं. फलाट, गाव, वेळ. सोमवार म्हणताना त्या थांबल्या आणि चूक निघते का म्हणून दगडावरच्या त्या बोटाकडे बघत राहिल्या.

बोट हललं नाही.