मास्तरांच्या बाजूचं पेडल

नवी क्लच प्लेट बसवून गाडी परत आली, तेव्हा मास्तरांनी आधी क्लच पाहिला नाही. दारं पाहिली. दाराच्या कडीवर काळी बोटं, स्टिअरिंगवर काळी बोटं, आणि ज्या बाजूला मास्तर गेली बावीस वर्षं बसत आले होते तिथे, पायाशी, तेलकट बुटाचा अख्खा ठसा. मास्तरांना शिसारी आली.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. माणूस असा, की दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायची वेळ आली तर पेल्याची कड रुमालाने पुसून घ्यायचा. त्यांनी साबणाने तो ठसा घासला, पावडर टाकून घासला, शेवटी ब्लेडने खरवडला. तो काही हटला नाही. मग त्यांनी त्यावर रबरी मॅट टाकली, मॅटवर जाडजूड काथ्याचं पायपुसणं अंथरलं, आणि तेव्हा कुठे पाय टेकले.

शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्यासमोर असतात तशी मास्तरांसमोरही क्लच आणि ब्रेकची पेडलं होती. दोन्ही क्लच एका सळईने जोडलेले. एक खाली गेला की दुसरा आपसूक खाली. शिकणारा गांगरला तर मास्तरांनी दाबायचं, एवढाच त्याचा उपयोग.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. त्या इस्पितळात नर्स होत्या, वय पंचेचाळीसच्या घरात. त्यांना फिरत्या दवाखान्याची गाडी मिळणार होती, पण लायसन्स आणलं तरच. दोनदा परीक्षेत नापास झाल्या होत्या. तिसरी परीक्षा शुक्रवारी होती, आणि तिच्यातही नापास झाल्या तर ती गाडी दुसऱ्याला जाणार होती.

सिस्टरांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी कर्रर्र करून ओरडली. मास्तर म्हणाले, क्लच दाबा. त्या म्हणाल्या, दाबलाय. मास्तर म्हणाले, पूर्ण दाबा. त्या म्हणाल्या, पूर्णच दाबलाय. रिव्हर्सला तर असा आवाज झाला की कोपऱ्यावरचा शिंपी दुकानातून बाहेर आला. तासभर हेच. सिस्टरांच्या घामेजल्या तळव्यांनी गिअरची मूठ ओली झाली होती, आणि आता आपल्याला तिला हात लावावा लागणार, या विचाराने मास्तरांनी खिशातून रुमाल काढला.

"बाई, हा पाय आहे की ओंडका?" ते म्हणाले. "या पायाने शिलाई मशीनसुद्धा चालायचं नाही."

सिस्टरांनी गाडी तशीच स्कूलच्या दारात आणून लावली, इंजिन बंद केलं, किल्ली मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि त्या चालत्या झाल्या. संध्याकाळी फोन आला, की शुक्रवारी त्या येत नाहीत. दवाखान्याची गाडी दुसऱ्या कुणाला द्या, असं उद्या ऑफिसात सांगणार आहेत. मास्तर म्हणाले, तुमची मर्जी. फोन ठेवून त्यांनी हात धुतले.

सकाळी गाडी बाहेर काढायला ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. पहिला गिअर, कर्रर्र. रिव्हर्स, कर्रर्र. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्या काळतोंड्या मिस्त्रीने गिअरबॉक्सची वाट लावली.

गॅरेजात मिस्त्री चहा पीत होता. त्याच्या कपावर, कानावर, भुवईवरसुद्धा ग्रीस होतं. मास्तरांनी नाकाला रुमाल लावूनच त्याला फैलावर घेतलं. मिस्त्रीने शांतपणे चहा संपवला, हात पँटला पुसले आणि तो गाडीत बसला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

इंजिन बंद ठेवून त्याने सगळे गिअर टाकून पाहिले. लोण्यात सुरी जावी तसे गेले. इंजिन चालू केलं, की ओरड. तो म्हणाला, गिअरबॉक्स ठणठणीत आहे, क्लच पुरता सुटत नाहीये. बॉनेट उघडून त्याने क्लचची वायर तपासली. ती त्याने लावली होती तशीच होती. पुन्हा बसून त्याने पेडल दाबलं, वाकून खाली पाहिलं, आणि पेडल दाबूनच मास्तरांच्या बाजूला मान घातली.

"मास्तर, ही गादी कुणासाठी अंथरलीय?"

त्याने पायपुसणं ओढून काढलं, मॅट काढली. पेडल दाबलं, ते तळाला टेकलं. रिव्हर्स आवाज न करता पडला.

"जुना क्लच झिजून वरच सुटायचा, त्यात हे चालून गेलं असतं. नवा अगदी खाली सुटतो. तुमचं पेडल गादीवर अडलं, की त्यांचंही तिथेच अडतं. समोरच्याने जीव काढून दाबलं तरी व्हायचं नाही."

पूर्णच दाबलाय. सिस्टर सात-आठ वेळा तरी हे म्हणाल्या असतील. मास्तरांना आपल्याच जिभेची किळस आली. तोंडात कालचा तो ओंडका अजून तसाच पडून होता, आणि तो रुमालाने पुसता येत नव्हता.

ते थेट इस्पितळात गेले. सिस्टर पट्ट्यांच्या गुंडाळ्या मोजून कपाटात लावत होत्या. ऑफिसात सांगितलंत का, एवढंच मास्तरांनी आधी विचारलं. साहेब अकराला येतात, त्या म्हणाल्या. पावणेअकरा झाले होते.

"चूक माझी होती," मास्तर म्हणाले. पेडलाचं सगळं सांगितलं, गादीसकट. "तुमचा पाय बरोबर होता. माझं तोंड घाण होतं."

सिस्टरांनी कपाट लावून घेतलं.

"सुट्टी झाली की बघते," त्या म्हणाल्या. "तोवर साहेबांना काही सांगत नाही. पण तुम्ही पाय वर घेऊन बसायचं. आणि तोंड मिटून."

दुपारी मास्तर स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या सीटवर, मांडी घालून बसले. त्या शिंप्याने पाहिलं आणि आत जाऊन बायकोला बोलावून आणलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ते हलले नाहीत. पहिला गिअर पडला. दुसरा पडला. वळणावर रिव्हर्स पडला. पुढे चढावर सिस्टरांनी क्लच झटकन सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

मास्तरांनी ओठ दातांखाली धरले.

"ही मात्र माझी चूक हं," सिस्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी हँडब्रेक ओढला, क्लच तळापर्यंत दाबला आणि गाडी पुन्हा सुरू केली.

"शुक्रवारी किती वाजता यायचं?"

मास्तरांना तोंड उघडायची परवानगी नव्हती. त्यांनी नऊ बोटं दाखवली.