बाहेरची रेघ

शनिवारी सकाळी साडेनऊला उपेंद्र माईणकरच्या उजव्या हातातून पटाशी निसटली आणि शेडच्या काँक्रीटवर पडली. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. संध्याने खिडकी उघडली.

"काय पडलं?"

"पटाशी."

"पायावर?"

"नाही. ग्रँड."

आयर्लंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर 'ठीक आहे' अशा अर्थाचा इथला हा शब्द त्यांच्या मराठीत रुळला होता. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र या घरात त्याचा अर्थ 'पुढे विचारू नकोस' असा झाला होता. संध्याने जाकीट अंगात घातलं आणि ती मागच्या दाराने शेडमध्ये आली.

बाकावरच्या वाइसमध्ये, जुन्या टॉवेलात गुंडाळून, रायफलचा लाकडी दस्ता आवळलेला होता. अक्रोडाचा, अर्धवट तयार. कारखान्यातून तो असाच येतो. बाहेरचा आकार यंत्राने ढोबळ काढलेला असतो, वरची खाच मुद्दाम थोडी अरुंद ठेवलेली असते. नळी आणि पोलादी भाग त्या खाचेत बसवणं, खांद्याला लागणारं टोक मापाने कापणं, घासणं, तेल पाजणं, हे घेणाऱ्याने घरी करायचं. उपेंद्रने तो दोन वर्षांपूर्वी मागवला होता. त्याच्या पॉइंट टू-टू रायफलचा मूळ दस्ता मुठीपाशी तडकला होता. नव्या दस्त्यावर त्याने त्याच आठवड्यात स्वतःच्या मापाची एक रेघ मारली आणि तो पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाखाली ठेवून दिला. सवडीने करू, म्हणाला.

उपेंद्र त्रेपन्न वर्षांचा होता. कासलबारजवळच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात तो कॅलिब्रेशन विभागात होता. इतर लोक ज्या उपकरणांनी मोजतात, ती उपकरणं बरोबर मोजतात का हे तपासायचं काम. सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीत त्याने नेमबाजी केली होती. इथे आल्यावर एका सहकाऱ्याने त्याला क्लबमध्ये नेलं, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक रविवार तिथे गेला. संध्या आधी गाडीत पुस्तक वाचत बसायची. मग थंडी वाजते म्हणून आत आली. मग क्लबची रायफल हातात घेऊन तिनेही सुरुवात केली.

जूनमध्ये त्याच्या उजव्या हाताची तर्जनी चाप ओढेना. दुखत नव्हती, सुजली नव्हती. फक्त सांगितलेलं ऐकत नव्हती. सप्टेंबरपर्यंत अंगठाही तसाच झाला. ऑक्टोबरमध्ये दोघं डब्लिनला ब्युमॉन्ट हॉस्पिटलमध्ये गेले. हाताला विजेचे झटके देऊन, स्नायूंत सुया घालून तपासणी झाली. न्यूरॉलॉजिस्ट बाई शांतपणे बोलल्या. दोन शक्यता आहेत, त्या म्हणाल्या, आणि सुरुवातीला दोन्ही सारख्याच दिसतात. एक आजार असा आहे की त्याला औषध आहे, हात पुष्कळसा परत येतो. दुसऱ्याला औषध नाही, आणि तो हातावर थांबत नाही. रक्त तपासायला पाठवतो, पण त्यातून नक्की कळेलच असं नाही. न कळल्यास पहिल्या आजाराचं औषध देऊन बघू. लागू पडलं तर तोच.

परतताना अर्ध्या वाटेवर ॲथलोन आलं. उपेंद्र म्हणाला, "दस्ता पुरा करून टाकतो." संध्याला त्या वाक्याचा आनंद झाला होता.

आता तिने पटाशी उचलली, धार बघितली आणि बाकावर ठेवली. मग तिला पटाशीशेजारची चांदीची डबी दिसली.

"हे माझं काजळ आहे?"

"मार्किंगचा निळा रंग संपला. हे उत्तम चालतं."

"आईने तूप जाळून घरी धरलेलं काजळ आहे ते. सांगलीहून आलंय."

"म्हणूनच. बाजारच्यात मेण फार असतं."

"उद्या लिपस्टिक लावशील."

"लिपस्टिकही लावतात," उपेंद्र गंभीरपणे म्हणाला. "पण तुझी महाग आहे."

काम असं होतं. पोलादी भागाला खालून काजळाचा पातळ हात द्यायचा, तो खाचेत दाबायचा, उचलून घ्यायचा. लाकडाला जिथे काळं लागलं तिथे ते आडवं येतंय. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाबणं. एकाच जागी काळं लागत असेल तर भाग डुगडुगतो. सगळीकडे सारखं, फिकट काळं उमटलं की बसला. उपेंद्र डाव्या हाताने खरवडत होता आणि उजव्याचं मनगट नुसतं टेकवत होता. खाच जवळजवळ झाली होती. संध्याने वाकून पाहिलं, काळे ठिपके सगळीकडे सारखे पसरले होते.

"छान बसलाय की."

"हात दे जरा."

"कशाला?"

"उजवा. दे तर."

तिने हात पुढे केला. उपेंद्रने डाव्या अंगठ्याने तिच्या तळव्याला काजळ चोळलं, बोटांच्या मुळांशी, अंगठ्याखालच्या उंचवट्याला. "आता मूठ धर. चाप ओढताना धरतेस तशी. सैल नको."

तिने दस्त्याची मूठ धरली आणि सोडली. लाकडावर तिचा अर्धा तळवा उमटला. उपेंद्र वाकून ते डाग पाहत राहिला. "इथे जाड आहे," तो म्हणाला. "तुझं बोट चापापर्यंत ताणून जातंय. दोन-तीन मिलिमीटर काढावं लागेल."

संध्याने तळव्याकडे पाहिलं, मग मुठीकडे, मग दस्त्याच्या मागच्या टोकाकडे. तिथे त्याने चिकटपट्टी गुंडाळली होती, करवतीने लाकडाचे तुकडे उडू नयेत म्हणून. पट्टीवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. बाहेरची तिला ठाऊक होती, त्याच्याच मापाची जुनी रेघ पट्टीवर पुन्हा काढलेली. आतली नवी होती, साधारण इंचभर अलीकडे.

"ही कुणाची?"

उपेंद्र अंगठ्याचं काजळ चिंधीला पुसू लागला.

"माझं माप कधी घेतलंस?"

"मागच्या रविवारी. तू सोफ्यावर झोपली होतीस. कोपरापासून बोटापर्यंत मोजलं, बस."

"शिंप्यानेसुद्धा इतक्या चोरून माझं माप घेतलं नाही कधी."

उपेंद्र हसला नाही. "क्लबची रायफल तुला लांब पडते," तो म्हणाला. "मान वाकडी करून मारतेस."

"आणि तरी तुझ्यापेक्षा बरी मारते."

"म्हणूनच म्हणतो. तुझ्या मापाची असली तर कुठल्या कुठे जाशील. लायसन्सचा अर्ज तू आत्ता कर, होईल जानेवारीपर्यंत. नाहीतर ती तिजोरीत पडून राहील."

"का पडून राहील?"

"संध्या."

"नाही, का पडून राहील ते सांग. ब्युमॉन्टमध्ये मीही होते. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. तू एकच ऐकलीस का?"

"दोन्ही ऐकल्या. पण काम कशावर अवलंबून ठेवायचं ते ठरवायला लागतं ना? माझ्या हातात आत्ता जेवढं बळ आहे तेवढ्यात हे पुरं व्हायला हवं. पुढच्या महिन्यात डावाही गेला तर हे लाकूड असंच राहील."

हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला होता. बाहेर शेजाऱ्यांनी कचऱ्याचा डबा ओढत गेटपर्यंत नेला. 

"आणि करवत मला धरता येत नाही," उपेंद्र म्हणाला. "काल बघितलं. दोन ओढींतच सुटते. तुला कापावं लागेल."

"मी आयुष्यात लाकूड कापलेलं नाही."

"मी सांगतो. करवत ढकलायची नाही, तिच्या वजनाने चालू द्यायची. मी दस्ता धरतो."

त्याने वाइस सैल करून दस्ता फिरवला, टोक बाकाच्या बाहेर आणलं आणि पुन्हा आवळला. हे सगळं डाव्या हाताने. संध्या मदतीला पुढे झाली नाही. तिने जाकिटाच्या बाह्या वर केल्या, तळव्याचं काजळ चिंधीला पुसलं आणि बारीक दातांची करवत उचलली.

"आतल्या रेघेवर," उपेंद्र म्हणाला. "रेघेच्या किंचित बाहेर, म्हणजे मग घासायला जागा राहते."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली पंचवीस तरी तिने हे ऐकलं होतं. पडदे कापताना, लेकीचे, मुक्ताचे केस कापताना, किचनचा ओटा बसवायला आलेल्या माणसाला सांगताना. शंका असेल तर ठेवायचं. जास्त असलेलं कधीही काढता येतं. कारखान्यात नव्या पोरांनाही तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा.

तिने करवत बाहेरच्या रेघेवर टेकवली.

"संध्या. आतली."

"कळलं मला."

"अगं, ती माझी आहे."

"माहितीये कुणाची आहे ते."

तिने पहिली ओढ घेतली. पट्टी फाटली, करवत जरा घसरली आणि मग लाकडात बसली. उपेंद्रचा डावा हात दस्त्यावर होता. तो काढून घेतला असता तर टोक हललं असतं, काप वाकडा गेला असता, तिला थांबावंच लागलं असतं. त्याने हात काढला नाही.

"लांब राहिली तर तुला जमणार नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"नको जमू दे."

"मग काय उपयोग?"

"तुझी रायफल आहे. तू मार."

"आणि नाही जमलं तर?"

संध्याने करवत थांबवली, पण लाकडातून बाहेर काढली नाही. "तर मी परत करवत घेईन आणि तुझ्या आतल्या रेघेवर कापीन. इंचभर तर आहे. पण ते आज नाही. आज मला शंका आहे."

उपेंद्रने दस्त्यावरचा हात आणखी दाबला. मग म्हणाला, "मनगट सरळ ठेव. डावीकडे जातेयस."

तिने मनगट सरळ केलं. अक्रोडाचा भुसा चॉकलेटी होता, त्याला किंचित आंबूस वास होता. टोकाचा तुकडा पडायच्या बेताला आला तेव्हा उपेंद्रने उजवा तळवा खाली धरला. बोटं मिटली नाहीत, पण तुकडा तळव्यावर राहिला.

दुपारी मुक्ताचा फोन आला. ती गॉलवेला शिकते. आई-बाबा मराठीत बोलतात, ती इथल्या, मेयो काउंटीच्या हेलातल्या इंग्रजीत उत्तर देते.

"आई, इज ही ॲक्चुअली सॉइंग थिंग्ज? विथ दॅट हँड?"

"मी कापलं. तो धरून होता."

"यू? स्टॉप! सो हू इज इट फॉर, लाइक?"

"बाबांचा आहे दस्ता. दुसऱ्या कुणाचा असणार?"

 "राइट," मुक्ता म्हणाली. "इज बाबा देअर? पुट हिम ऑन." उपेंद्रने फोन घेतला आणि तिला अक्रोडाच्या लाकडाबद्दल इतकं सांगितलं की शेवटी तिनेच लेक्चर आहे म्हणून फोन ठेवला. शनिवार होता. 

पुढचे आठवडे संध्याने घासलं आणि उपेंद्रने तपासलं. डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकमधल्या कंपनीचं काम ती घरूनच करायची. दुपारच्या मीटिंगा संपल्या की शेडमध्ये जायची. जाड काचपेपर, मग बारीक. ओल्या फडक्याने पुसून लाकडाचे तंतू उभे करायचे, वाळू द्यायचे, मग पुन्हा घासायचं. उपेंद्र डोळे मिटून दस्त्यावरून डाव्या हाताची बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, इथे एक खळगा आहे. तिला तो दिसायचा नाही. ती वैतागायची, म्हणायची, "ढेकूण दिसेल तुला त्यात एखादा." आणि घासायची. मुठीवरचे दोन-तीन मिलिमीटर तसेच राहिले. 

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रक्ताचा अहवाल आला. त्यातून काहीच ठरलं नव्हतं. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी फोनवर सांगितलं, मग औषध देऊनच बघू. डब्लिनला यायला नको, कासलबारच्या हॉस्पिटलमध्येच सोय करते. ओळीने पाच दिवस सलाइन.

त्या आठवड्यात दस्त्याला तेलाचा पहिला हात दिला गेला. उकळलेलं जवसाचं तेल, चिंधीवर अगदी थोडं, तळव्याच्या उबेने चोळून जिरवायचं. चिंधी उपेंद्रने घेतली. यासाठी बोटं मिटावी लागत नाहीत, तो म्हणाला. राखाडी तपकिरी लाकूड ओलं होताच गडद झालं आणि मुठीपासून मागच्या टोकापर्यंत काळसर रेषांची नक्षी वर आली. दोघांनी ती पाहिली. संध्या म्हणाली, "बरं झालं कापून टाकली नाही." उपेंद्र म्हणाला, "टोकाला सगळ्यात चांगली आहे," आणि चोळत राहिला.

सलाइन सुरू होण्याआधी नर्सने त्याच्या मुठीची ताकद मोजली. दाबायचं एक साधन होतं, त्यावर काटा. डावा हात बत्तीस किलो. उजवा नऊ.

"हे शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं?" उपेंद्रने इंग्रजीत विचारलं.

नर्स केरळची होती. तिने साधन उलटं करून स्टिकर वाचला. "मार्चमध्ये," ती म्हणाली. "ड्यू नाही अजून. बाकीचे पेशंट आधी मी कशी आहे ते विचारतात."

"तुम्ही कशा आहात?"

"थकलेय. दाबा पुन्हा."

पाच दिवस झाले. पाचव्या दिवशी दुपारी तिने पुन्हा मोजलं. डावा बत्तीस. उजवा नऊ. डॉक्टर येऊन गेले. इतक्यात फरक दिसेलच असं नाही, ते म्हणाले. काहींना आठवड्यात कळतं, काहींना दुसऱ्या खेपेनंतर. काहींना नाही. चार आठवड्यांनी परत या, पुन्हा सलाइन देऊ, पुन्हा मोजू.

हॉस्पिटलच्या दारातल्या यंत्रापाशी पार्किंगचे पैसे भरणाऱ्यांची रांग होती. उपेंद्रने खिशातून तिकीट काढलं. उजव्या हाताने. पहिल्यांदा ते फटीच्या कडेला लागून वाकलं. दुसऱ्यांदा खाली पडलं. तो वाकला, तिकीट फरशीवरून कडेपर्यंत सरकवत आणलं आणि अंगठा व मधल्या बोटाच्या चिमटीत धरून उचललं. मागे चार-पाच माणसं उभी होती. संध्या त्याच्या शेजारी होती, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून. तिने ते बाहेर काढले नाहीत.

तिसऱ्यांदा यंत्राने तिकीट आत ओढून घेतलं.

पुढच्या सलाइनची तारीख सोळा डिसेंबर आहे.