बदकांच्या मागच्या एकवीस गाठी

मी एक जुनी, बोथट नाकाची सुई आहे. हसू नका मित्रांनो! फुलीच्या टाक्याला अशीच सुई लागते. मॅटीच्या कापडाला भोकं आधीपासूनच असतात. मला फक्त वाट शोधायची असते, कुणाला भोसकायचं नसतं. कारखान्यात तार कापून, घासून, नेढं पाडून मला घडवलं आणि पाच बहिणींसोबत पाकिटात घातलं. त्या पाचही केव्हाच हरवल्या. मी टिकले, कारण मी आत्याच्या हाती पडले.

काय सांगू तुम्हाला तिच्या हाताबद्दल! दिवसभर चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी खिडकीशी बसून भरायला घ्यायची. हजार फुल्या घातल्या तरी प्रत्येकीचा वरचा टाका एकाच बाजूला झुकलेला. लोक वाहवा करू लागले की ती कापड उलटं करून दाखवायची. मागची बाजूही तितकीच नेटकी. मला तर तिच्या चिमटीत असताना धन्य वाटायचं.

तिची भाची तेव्हा दहा वर्षांची होती. आत्या तिला घाईबाई म्हणायची. घाईबाईला भाऊ झाला, पण बाळ दिवस भरायच्या आधीच आलं आणि सहा आठवडे दवाखान्यात राहिलं. तेवढ्या दिवसांत तिनं मला मागून नेऊन बाळाच्या मऊ मॅटीच्या दुपट्यावर सहा बदकं भरली. बुधवारी ती धावतच आली.

"आत्या, झालं! बाळ शनिवारी घरी येणार. ह्यातच गुंडाळून आणायचं, आईनं कबूल केलंय."

"अगं, ही तर आता पोहायलाच लागतील!" आत्या म्हणाली. मग तिनं दुपटं उलटलं, स्वतःच्या गालावर फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

मागे प्रत्येक रंगाच्या दोऱ्याला सुरुवातीला गाठ, शेवटाला गाठ, मध्ये तुटला तिथंही गाठ. मला भरतानाच ठाऊक होतं, पण सुईला विचारतो कोण!

"ह्या बाळाला टोचतील गं. केवढीशी त्याची कातडी!"

"पण गाठ नाही मारली तर सुटेल ना!" घाईबाईचे डोळे भरून आले. "आणि बदकाच्या डोळ्याला तूच गाठ घालायला शिकवलीस!"

"ती समोर मिरवायला. ही मागून टोचायला. मोज बरं किती आहेत."

एकवीस! तीन संध्याकाळी आणि एकवीस गाठी. घाईबाई म्हणाली, तूच कर ना. आत्या म्हणाली, भाऊ तुझा, हात तुझाच.

मग आम्ही कामाला लागलो. गाठ कापायची, चार टाके उसवायचे, सुटलेलं टोक माझ्या नेढ्यात ओवून मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवायचं आणि उरलेलं छाटायचं. नवा दोरा घेतला तर त्याचं टोक मागे धरून पहिल्या टाक्यांखालीच दाबायचं. गुरुवारी एका बदकाची अख्खी मान उसवली. घाईबाई हमसून रडली.

"रड, पण कापड बाजूला ठेव," आत्या म्हणाली.

शुक्रवारी दिवेलागणीला एकविसावी गाठ गेली. घाईबाईनं मला फ्रॉकच्या कॉलरला टोचलं आणि तिथंच विसरली, म्हणून शनिवारचं मला सगळं दिसलं. आईनं बाळाला गुंडाळून घरी आणलं. बाळानं बदकांच्या मागच्या बाजूला गाल घासला, एक जांभई दिली आणि झोपून गेलं. घाईबाईनं आत्याचा हात घट्ट धरला.

ते बाळ आता ताईपेक्षा उंच झालंय. दुपटं कितीदा धुतलं, पण एक टाका सुटला नाही. मी मात्र काळवंडले आहे. मित्रांनो, अर्धवट कामात सुई अडकवून विसरू नका. आम्हाला गंज चढतो आणि कापडाला डाग पडतो. आम्हाला कोरडं ठेवा, एवढंच मागणं आहे.

आत्याला आता माझं नेढं दिसत नाही, फुल्याही दिसत नाहीत. काल भाचीनं नवा रुमाल भरून आणला. आत्यानं तो उलटा करून गालावर फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिली.

"काय गं, टोचतंय का?" भाचीनं घाबरत विचारलं.

"नाही ना," आत्या म्हणाली. "आता तुला घाईबाई म्हणायची सोय राहिली नाही."