मी न अडवलेली गोळी

मी एक पोलादी प्लेट बोलतेय. गोळी अडवण्यासाठी छातीवरच्या जाकिटात घालतात ना, ती. पोलादी आपलं म्हणायचं म्हणून. माझा जन्म खरं तर फाटकासाठी आणलेल्या पत्र्यातून झाला.

आमच्या साम्बीर गावात रोस्तिक नावाचा एकजण लोखंडी फाटकं बनवायचा. युद्ध सुरू झालं त्या वसंतात फाटक कुणालाच नको होतं, प्लेट सगळ्यांना हवी होती. मग त्यानं तोच पत्रा कापला. मी आणि माझी जुळी बहीण, एक छातीसाठी, एक पाठीसाठी. वर हिरवा रंग, आणि रायफलीची गोळी थांबते असं सांगणारी चिकटपट्टी. आमच्यावर गोळी झाडून कुणी पाहिली नाही. रोस्तिक वाईट नव्हता, अशी मी पुष्कळ दिवस मनाची समजूत घातली. जाड आहे म्हणजे थांबेलच, असं त्याला वाटायचं. मलाही वाटायचं.

एके दिवशी यारिना आली. तिचं केस कापायचं दुकान होतं. नवरा नेस्तोर बस चालवायचा, त्याला सैन्यात बोलावणं आलं होतं. असली वस्तू तिनं जन्मात घेतली नव्हती. बाजारात टरबूज वाजवून बघतात तशी तिनं माझ्यावर टिचकी मारली.

"आवाज तर भरदार आहे," ती म्हणाली. "पण ती सिरॅमिकची पण असते म्हणे?"

"ताई, सिरॅमिक म्हणजे बशी. हातातून पडली की तडा. हे पोलाद आहे. नातवंडं वापरतील."

"आणि आकार?"

"मोठीच घ्या. जितकी मोठी, तितकं अंग झाकलं."

बिचारीनं मोठी घेतली. जाकीट घेतलं ते खिसे मोजून आणि रंग बघून.

घरी नेस्तोरनं ते चढवलं. माणूस बुटका आणि गोल. उभा होता तोवर ठीक, खुर्चीत बसला मात्र, माझी खालची कड मांडीवर टेकली आणि वरची हनुवटीला लागली.

"अगं, हे जाकीट आहे की कपाट?"

"कपाट तर कपाट. आत गप राहा म्हणजे झालं."

तो हसला. तिनं पट्टे आवळले आणि माझ्यावर तळहात ठेवून तशीच उभी राहिली. एका बाजूनं तिच्या हाताची ऊब, दुसऱ्या बाजूनं त्याच्या काळजाचे ठोके. दोघांच्या मधे मी.

तुकडीत झेनोवी नावाचा एक थोराड माणूस होता, डोंगराकडचा, पूर्वीही लढलेला. त्यानं नेस्तोरकडे बघून कपाळाला हात लावला.

"गड्या, प्लेट गळ्याच्या खळगीखाली बसली पाहिजे. काळीज आणि फुप्फुसं झाकायची असतात, जेवलेलं पोट नाही. कुणी दिली?"

"बायकोनं."

"झाडून पाहिलीये?"

"नवी आहे, झाडायची कशाला?"

"नवी आहे म्हणूनच."

त्यानं पाठीची प्लेट, म्हणजे माझी बहीण, एका ओंडक्याला टेकवून ठेवली. एकच गोळी. ती बहिणीच्या अंगातून गेली आणि मागच्या ओंडक्यातही रुतली. झेनोवीनं भोकात बोट घातलं, ते पलीकडून दिसलं. एरवी हे लोक कशावरही हसायचे. तेव्हा कुणी हसलं नाही. आणि मी तिथेच गवतात पडले होते, अगदी तशीच, त्याच पत्र्याची, त्याच रंगाची. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"घरी कळू देऊ नका," नेस्तोर एवढंच म्हणाला. "तिनं फार हौसेनं आणली."

पुढे झेनोवीच्या पायाला जखम झाली. स्ट्रेचरवरून जाताना त्यानं आपली सिरॅमिकची प्लेट काढून नेस्तोरच्या हातात दिली. "परत आलो की घेईन. फोडू नकोस."

आणि मी? माझा तवा झाला. खंदकात माझ्यावर डुकराची चरबी आणि कांदा परतायचे. माझ्यावर ठेवून जळणाच्या काटक्या तोडायचे. एकदा कुऱ्हाड निसटली आणि मला मोठा पोचा पडला. खरं सांगू? तेच माझे बरे दिवस. दिलेलं काम निदान मला जमत होतं.

फोनवर यारिना विचारायची, "घालतोस ना रे?"

"घालतो गं. अंगाला चिकटलीये आता."

हे मी पाठीवर करपलेला कांदा घेऊन ऐकायची.

शरद ऋतूत तोफगोळ्याचा तुकडा नेस्तोरच्या छातीवर आदळला. झेनोवीच्या प्लेटचा चुरा झाला, नेस्तोरच्या बरगड्यांना तडे गेले, पण जीव राहिला. त्यानं घरी कळवलं, "प्लेटनं वाचवलं." शब्द खोटा नव्हता. पण यारिना म्हणाली, "येताना तिला घेऊन ये. मला बघायचीये."

त्यानं मला वाळूनं घासलं आणि सोबत नेलं. यारिनानं कुऱ्हाडीच्या पोच्यावरून बोट फिरवलं. "इथं लागला?" नेस्तोर खाली बघत राहिला. ती वाकली आणि तिनं त्या पोच्याचं चुंबन घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या दुकानात, आरशाशेजारी टांगलेली. बाया केस कापायला यायच्या, मला हात लावून छातीवर क्रूसाची खूण करायच्या. ईस्टरच्या आधी पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. फाटकाचा पत्रा, तोही नापास, आणि त्याला तीर्थ! यारिना प्रत्येकीला सांगायची, "रोस्तिककडूनच घ्या. माझ्या माणसाला हिनंच परत आणलं." तोंड असतं तर मी किंचाळले असते. तोंड असलेला माणूस परत आघाडीवर गेला होता, आणि तोही गप्प होता.

तो पुढच्या सुट्टीवर आला तेव्हा ओदार्कामावशी दुकानात आल्या. त्यांची मुलगी ख्रिस्तिना नर्स होती आणि आघाडीवर निघाली होती.

"यारिना, पोरीसाठी तुझ्यासारखीच घेते बाई. मोठी बघून. तूच चल ना सोबत."

"चला, आत्ताच जाऊ."

मागच्या खोलीत नेस्तोर चहा पीत होता. कप आदळल्याचा आवाज आला. तो दारात उभा राहिला, चेहरा पांढराफटक.

"मावशी, ती घेऊ नका."

"का रे? तुला वाचवलं ना तिनं?"

"तिनं नाही. झेनोवीच्या प्लेटनं. हिच्यावर आम्ही कांदा तळायचो. पोचा कुऱ्हाडीचा आहे. हिच्या जोडीच्या प्लेटमधून गोळी आरपार गेली, मी डोळ्यांनी पाहिलं."

यारिनाच्या हातातली कात्री तशीच राहिली. मला वाटलं, ती मला भिंतीवरून खेचून रस्त्यावर फेकेल. पण तिची नजर नवऱ्यावर होती.

"तुला माझं मन राखायचं होतं."

"हो."

"आणि मी इथं उभी राहून गावभर सांगत होते, त्याचं काय, नेस्तोर? त्या पोरांचे जीव कुणी राखायचे?"

ती खुर्चीत बसली आणि तिच्या सांगण्यावरून प्लेट घेतलेल्या एकेकीला आठवून फोन लावू लागली. "ती प्लेट काढायला सांग. हो, आत्ताच. मी चुकीचं सांगितलं." काहीजणी रडल्या, एकीनं शिव्या दिल्या, त्या तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

मग सोलोमियाचा फोन लागला. सोलोमिया दूध घालायची. तिचा मुलगा मार्को माझ्यासारखीच प्लेट घालून गेला होता.

"मार्कोला आम्ही मागल्या रविवारी पुरलं," सोलोमिया म्हणाली. "तुला कळवायचं राहिलं."

गोळी कुठं लागली, हे यारिनानं विचारलं नाही. विचारायची हिंमत माझ्यातही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओदार्कामावशींच्या नवऱ्यानं शिकारीची बंदूक आणली. जुन्या वीटभट्टीमागे मला उभं केलं. यारिनानं बायांना मुद्दाम बोलावलं होतं. रोस्तिकलाही. तो आला, टोपी हातात धरून. गोळी माझ्यातून गेली तेव्हा दुखलं नाही. इतके महिने जे सांगता येत नव्हतं, ते एकदाचं सांगून झालं. त्यानंतर रोस्तिकनं प्लेटा केल्या नाहीत. ख्रिस्तिनासाठी तिच्या मापाची, तपासलेली सिरॅमिकची मागवली. यायला वेळ लागला, पण आली.

मी परत आरशाशेजारी आहे. आता कुणी क्रूसाची खूण करत नाही. पहिल्यांदा प्लेट घ्यायला निघालेली बाई आली की यारिना मला खाली काढते. "आवाजावर जाऊ नको. जाडीवर जाऊ नको. घेशील त्याच मालातल्या एका प्लेटवर कुणी गोळी झाडली का, ते विचार. आणि माणसाचं माप घे, कपाटाचं नको." मग झेनोवीला फोन लावून देते. तो आता कुबडी घेऊन चालतो.

काल सोलोमिया आली. कितीतरी दिवसांनी. केस कापायचे म्हणाली. यारिना घाईनं मला उतरवायला गेली.

"राहू दे," सोलोमिया म्हणाली. "लोकांना दिसू दे."

यारिना तिचे केस धुवत होती. पाणी कोमट आहे ना, एवढंच मधून मधून विचारत होती. सोलोमिया डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती, आणि मला मान वळवता येत नाही.

तुम्ही कधी कुणासाठी असली वस्तू घ्यायला गेलात, तर आमच्यावर प्रेम करू नका. संशय घ्या.